भुईआवळी: एकाच कुंडीत दोन जाती वाढताहेत का? ओळखायचं कसं?

कुंडीकाठ

नमस्कार. गेली तीन वर्षं कुंड्यांत आपोआप उगवणारी तणं मी लगेच उपटत नाही. आधी त्यांची नोंद करते. एक जाड वही आहे, तिच्यात दर तणाला एक पान. वाळवलेली फांदी डाव्या बाजूला, उजवीकडे माझी निरीक्षणं. आजवर सव्वीस तणं झाली आहेत आणि त्यांतली पंचवीस मला बऱ्यापैकी ओळखू येतात. अडलंय ते सातव्या पानावर. तिथे मी पहिल्या वर्षी शाईनं 'भुईआवळी' लिहिलं होतं. या महिन्यात ते खोडून पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं, आणि तेव्हापासून मन स्वस्थ नाही.

झालं असं, की एका पसरट कुंडीत भुईआवळीची दोन रोपं शेजारीशेजारी आली. एकमेकांपासून वीतभर अंतरावर. माती तीच, पाणी तेच, ऊनही तेच. मी त्यांना 'अ' आणि 'आ' म्हणते. दोन्ही साधारण गुडघ्याच्या निम्म्या उंचीची आहेत. सरळ हिरवा बुंधा, त्याला पिसासारख्या आडव्या डहाळ्या, डहाळीवर दोन रांगांत लांबट पानं, आणि उलटं केलं की खाली मोहरीएवढ्या हिरव्या गोळ्या. दोन्हींची पानं संध्याकाळी मिटतात. फांदी मोडली तर पांढरा चीक दोन्हींत येत नाही, म्हणजे ती दुधी नावाच्या चिकाळ तणाच्या जातीतली नाहीत एवढं मला कळतं.

तरी ती एकसारखी दिसत नाहीत. 'अ'ची डहाळी उलटी केली, की बुंध्याजवळची एकदोन पानं सोडल्यावर थेट टोकापर्यंत गोळ्याच गोळ्या दिसतात. 'आ'च्या डहाळीवर गोळ्या फक्त बाहेरच्या अर्ध्या भागात असतात. आतल्या अर्ध्या भागात पानांच्या बेचक्यात अगदी बारीक, पांढरट, धुळीसारखं काहीतरी चिकटलेलं असतं आणि ते हात लागला की गळून पडतं. आधी मला वाटलं, ही फळं गळून गेलीत. पण तीन आठवडे रोज पाहतेय, त्या भागात फळ धरतच नाही.

फोनवरच्या ओळख सांगणाऱ्या ॲपला दोन्हींचे फोटो दाखवले. दोन्हींना 'फिलँथस निरुरी' हेच शास्त्रीय नाव उत्तर म्हणून आलं. एकाचे वेगवेगळ्या बाजूंनी सहा फोटो दिले, तरी तेच.

या दोन वेगळ्या जाती असू शकतात का? असतील तर साध्या भिंगानं कळेल अशी खूण कोणती? माझ्याकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे, सूक्ष्मदर्शक नाही.

रानवाट

यातली एक लाल भुईआवळी असेल, म्हणजे फिलँथस युरिनेरिया. तिची ओळख सोपी आहे. फळ पाहा. लाल भुईआवळीचं फळ गुळगुळीत नसतं, त्यावर बारीक खवले-पुटकुळ्या असतात, आणि ते डहाळीला जवळजवळ देठाशिवाय चिकटलेलं असतं. साध्या भुईआवळीचं फळ गुळगुळीत असतं आणि छोट्या देठाला लोंबतं. बी मिळालं तर प्रश्नच मिटला. लालीच्या बियांवर आडव्या रेघा असतात, साधीच्या बियांवर उभ्या. तुमच्या दोन्हींची फळं कशी आहेत?

कुंडीकाठ

रानवाट, धन्यवाद. लगेच भिंग घेऊन बघून आले. दोन्हींची फळं गुळगुळीत आहेत आणि दोन्हींना छोटा देठ आहे. बिया काल एका वाटीत जमवल्या होत्या. फळ पिकलं की तडकून उडतं, म्हणून डहाळीवर पारदर्शक पिशवी बांधून ठेवली होती. दोन्हींच्या बियांवर उभ्या रेघा आहेत. म्हणजे लाल भुईआवळी यांत नाही, बरोबर ना?

मातीचा वास

मला तरी हे एकच झाड वाटतं. एकाला मुळांशी जागा जास्त मिळाली असेल, दुसऱ्याला कमी. माझ्याकडेही काही रोपांचा बुंधा तांबूस होतो, काहींचा हिरवाच राहतो. तण आहे, असं थोडंफार बदलणारच.

बीजकोश

कुंडीकाठ ताई, तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही जे लिहिलंय ते पुष्कळ पुस्तकी वर्णनांपेक्षा नेमकं आहे. मी बरीच वर्षं वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात काम केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी 'मातीचा वास' यांच्या मुद्द्याबद्दल. रंगाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. तांबूसपणा उन्हासावलीनं कमीजास्त होतो, त्यावर जात ठरवू नये. पानाची लांबी-रुंदीही तशीच, ती एकाच रोपावर बदलते. पण फुलं कुठे लागतात याचा क्रम पाण्यानं किंवा जागेनं बदलत नाही. आतल्या अर्ध्या डहाळीवर फक्त नरफुलं आणि बाहेरच्या अर्ध्या डहाळीवर फक्त मादीफुलं, ही त्या झाडाची रचनाच आहे. ताईंना दिसलेली 'पांढरट धूळ' म्हणजे नरफुलं. ती परागकण देऊन गळून जातात, त्यामुळे तिथे फळ धरतच नाही.

ही रचना फिलँथस फ्रॅटर्नसची. 'अ' मात्र फिलँथस अमारस दिसते. अमारसच्या डहाळीवर बुंध्याकडच्या एकदोन बेचक्यांत नुसती नरफुलं असतात, आणि पुढे जवळजवळ प्रत्येक बेचक्यात एक नर आणि एक मादी अशी जोडी. म्हणून तिच्यावर गोळ्या टोकापर्यंत सलग दिसतात.

पण एवढ्यावर नाव लिहू नका. आता मोजा.

डहाळी उलटी करा आणि एक वाढलेलं फळ निवडा. फळाच्या बुडाशी, देठाला जिथे ते चिकटतं तिथे, बारीक पात्यांचा घेर असतो. तीच फुलाची परिदलं. भुईआवळीत पाकळ्या आणि निदलं अशी वेगळी मंडळं नसतात, एकच मंडळ असतं. फूल संपून फळ झालं तरी हा घेर फळाखाली टिकून राहतो, म्हणून उमललेलं फूल शोधत बसायची गरज नाही. ती पाती मोजा. पाच आली तर अमारस. सहा आली तर अमारस नाही.

मोजताना डहाळी गडद रंगाच्या कागदावर ठेवा. पात्यांच्या कडा पांढऱ्या, पातळ पडद्यासारख्या असतात, त्या पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत. फळ चिमट्यानं किंचित तिरकं करा, तोडू नका. तोडताना एखादं पातं फाटतं आणि पाचाची चार किंवा सहाची पाच होतात. एका फळावर भरवसा ठेवू नका, एका रोपाची निदान दहा फळं मोजा आणि आकडे लिहून ठेवा.

हा आग्रह मी का धरतोय ते सांगतो. कामाला लागलो तेव्हा माझ्याकडे भुईआवळीच्या वाळलेल्या नमुन्यांचा एक गठ्ठा आला, नावं तपासायला. सगळे सारखेच दिसत होते. मी दोन दिवसांत प्रत्येकावर 'फिलँथस निरुरी' अशी चिठ्ठी चिकटवून गठ्ठा परत नेला. माझ्या वरिष्ठ बाईंनी एक शब्दही न बोलता एका नमुन्यावरचं सुटं पडलेलं फळ उचललं, गरम पाण्यात साबणाचा थेंब टाकून त्यात भिजत ठेवलं आणि म्हणाल्या, "आता मोज." सहा निघाली. दुसऱ्या नमुन्याचं मोजलं, पाच निघाली. पुढचा आठवडा मी माझ्याच चिठ्ठ्या काढत होतो. वाळून कोळ झालेलं फूलही असं भिजवलं की पुन्हा उलगडतं, हे मी तिथे शिकलो. तुमच्या वहीतल्या सातव्या पानावर पहिल्या वर्षाची फांदी असेल, तर तिचं एखादं गळलेलं फळ असं भिजवून बघा.

ॲपनं दोन्हींना 'निरुरी' म्हटलं, तो गोंधळ फार जुना आहे. लिनियसनं १७५३ मध्ये फिलँथस निरुरी हे नाव दिलं. ती जात मुळात अमेरिकेतली. पण पुढे जगभरच्या पुस्तकांत कुठल्याही छोट्या हिरव्या भुईआवळीला हेच नाव चिकटत गेलं. अमारसचं वर्णन १८२७ मध्ये शूमाकर आणि थॉनिंग यांच्या नावानं आलं, तेही आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून. फ्रॅटर्नस तर वेगळी जात म्हणून १९५५ मध्ये ग्रेडी वेबस्टर यांनी मांडली. फ्रॅटर्नस म्हणजे भावासारखा, आणि अमारसशेजारी ती पाहिली की हे नाव किती योग्य आहे ते पटतं. भारतातल्या पुस्तकांपुरता हा गुंता मित्रा आणि जैन यांनी १९८५ मध्ये सोडवला. 'निरुरी' म्हणून लिहिलेल्या झाडांत अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस अशा तीन जाती मिसळल्या आहेत, हे त्यांनी दाखवलं. तरीही जुनं नाव पाठ्यपुस्तकांत, बाटल्यांवर आणि आता फोनमध्ये टिकून आहे. फोनला फोटोतून परिदलं मोजता येत नाहीत, कारण वरून काढलेल्या फोटोत ती दिसतच नाहीत. सगळं पानांच्या खालच्या बाजूला असतं.

आणखी एक, तुमच्या वहीसाठी. ज्याला आपण संयुक्त पान समजतो ते पान नव्हे, डहाळी आहे. त्या डहाळीवरची प्रत्येक 'पर्णिका' हे एक स्वतंत्र, साधं पान. पुरावा तुमच्या डोळ्यांसमोर आहे: प्रत्येक 'पर्णिके'च्या बेचक्यात फूल आहे, आणि खऱ्या पर्णिकेच्या बेचक्यात फूल कधीच येत नाही. शेवग्याचं किंवा चिंचेचं पान उलटं करून बघा, म्हणजे फरक लक्षात येईल. फिलँथस या नावाचा अर्थही ग्रीकमध्ये 'पान-फूल' असाच आहे.

रानवाट

बीजकोश सर, मी इतकी वर्षं 'गुळगुळीत फळ म्हणजे अमारस' एवढंच धरून चाललो होतो. म्हणजे माझ्या जुन्या नोंदींतल्या निम्म्या तरी पुन्हा तपासायला हव्यात. एक विचारतो. बियांवरच्या उभ्या रेघा मोजून अमारस आणि फ्रॅटर्नस वेगळ्या होतात का?

बीजकोश

नाही. दोन्हींच्या बियांवर पाच ते सात उभ्या रेघा असतात आणि आकडे एकमेकांत मिसळतात. लाल भुईआवळी वेगळी काढायला बी उत्तम, या दोन भावांसाठी निरुपयोगी. पानं मिटण्याचंही तेच. तो गुण या सगळ्याच जवळच्या जातींत आहे. लाल भुईआवळीतून तर पानं मिटवणारं द्रव्यच जपानी रसायनशास्त्रज्ञांनी वेगळं काढलंय. फार सुंदर काम आहे ते, पण आपल्याला जात ओळखायला त्याचा उपयोग नाही.

मातीचा वास

सर, माझं म्हणणं मागे घेतो. मीही आज दोन रोपं मोजली, दोन्हींत पाच आली. पण एक शंका आहे. कावीळ आणि यकृतासाठी भुईआवळी वापरतात म्हणतात, ती यांतली कोणती? पाच-सहाचा त्याच्याशी काही संबंध आहे का?

बीजकोश

संबंध आहे, आणि म्हणूनच नाव नेमकं हवं. १९८८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला. हिपॅटायटिस बीचा विषाणू अंगात बाळगणाऱ्या लोकांना अमारसची भुकटी दिली होती. ती घेणाऱ्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची पृष्ठखूण (विषाणू अंगात असल्याचं दाखवणारी खूण) नाहीशी झाल्याचं त्यात म्हटलं होतं, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्या २३ पैकी एकाच्या. साहजिकच मोठी आशा निर्माण झाली. पुढे वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या चाचण्यांत तसा परिणाम दिसला नाही. तो का दिसला नाही यावर वाद झाले, आणि त्यात प्रत्येक ठिकाणी झाड तेच होतं का, हाही प्रश्न आला. अमारसमध्ये फिलँथिन आणि हायपोफिलँथिन ही द्रव्यं सापडतात. जवळच्या जातींत त्यांचं प्रमाण सारखं नसतं. 'भुईआवळी' या एका शब्दात तीन-चार झाडं मावत असताना कुणी फोटो बघून काही पोटात घेऊ नये. कावीळ झालेल्या माणसानं आधी डॉक्टरांकडे जावं. ती कशामुळे झाली हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

कुंडीकाठ

मोजलं! काल दुपारी दोन तास बसले होते. काळा कागद, भिंग, दाढीचा बारीक चिमटा.

'अ': बारा फळं. अकरांत पाच पाती, एकात पातं फाटल्यानं मोजता आलं नाही, ते सोडून दिलं.

'आ': बारा फळं. बाराच्या बारा सहा.

सहावं पातं पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी तेच फळ चार वेळा मोजलं. विश्वासच बसत नव्हता. तीन वर्षं हे माझ्या कुंडीत होतं आणि मी ते पानांच्या वरून बघत होते.

नरफुलंही पाहिली. 'आ'च्या आतल्या बाजूच्या धुळीतलं एक फूल भिंगाखाली धरलं तर त्यालाही सहाच पाती. मधे एक छोटा खांब आणि त्यावर पिवळसर टिंबं. ते पुंकेसर एकत्र जुळलेले असावेत. बरोबर आहे का?

सातव्या पानावरची जुनी फांदीही सरांनी सांगितलं तशी तपासली. कागदाच्या खाचेत दोन गळलेली फळं सापडली. गरम पाणी, साबणाचा थेंब, दहा मिनिटं. दोन्हींत पाच. म्हणजे पहिल्या वर्षी मी चिकटवलेली फांदी अमारस होती, पण शेजारी लिहिलेलं 'फळं फक्त टोकाकडे' हे निरीक्षण दुसऱ्याच रोपाचं होतं. एका पानावर दोन झाडांची माहिती मी एक करून टाकली होती. म्हणूनच ते कधी जुळत नव्हतं.

आता शेवटची शंका. सर म्हणाले, सहा आली तर 'अमारस नाही'. फ्रॅटर्नसच, असं ते म्हणाले नाहीत. मग 'आ' डेबिलिस असू शकते का?

बीजकोश

तुम्ही ते 'नाही' नेमकं पकडलंत, मला फार बरं वाटलं. हो, डेबिलिसलाही सहा परिदलं असतात, आणि तिच्यातही नर आतल्या बाजूला, मादी बाहेरच्या बाजूला. म्हणून सहाच्या पुढे आणखी दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, पानाचा आकार. इथे तो उपयोगी पडतो, कारण फरक मोठा आहे. फ्रॅटर्नसचं पान लांबट आणि टोकाला गोलसर. डेबिलिसचं पान दोन्हीकडे निमुळतं, टोकाला अणकुचीदार. डहाळीच्या मधल्या भागातलं पान घ्या, शेवटचं नको.

दुसरी, मादीफुलाच्या पात्याची कड. फ्रॅटर्नसमध्ये मधे हिरवी बारीक पट्टी आणि दोन्ही बाजूंना रुंद, स्वच्छ पांढरी किनार असते. काळ्या कागदावर ती फार छान दिसते, फळाखाली पांढरी चांदणी ठेवल्यासारखी.

पुंकेसरांबद्दल तुमचं बरोबर आहे. तीन असतात आणि त्यांचे तंतू जुळून एक खांब झालेला असतो. अमारसमध्येही तीन जुळलेलेच, त्यामुळे वेगळं ओळखायला ते कामाचे नाहीत. पण तुम्ही ते दहापट भिंगात पाहिलेत, ही साधी गोष्ट नाही.

कुंडीकाठ

'आ'ची मधली पानं: टोक गोलसर. दहाच्या दहा.

पात्यांची कड: रुंद, पांढरी. चांदणीच.

सातवं पान मी 'अ'साठी ठेवलंय, शाईनं, फिलँथस अमारस. 'आ'साठी सत्ताविसावं पान उघडलं. फ्रॅटर्नसच्या दोन डहाळ्या दाबून ठेवल्यात, एक उलटी आणि एक सुलटी, म्हणजे पुढे कुणी वही उघडली तर खालची बाजूही दिसेल. शेजारी एक छोटं कागदी पाकीट चिकटवलंय, त्यात सुटी फळं आणि बिया.

कुंडीत दोन्ही रोपं तशीच ठेवलीत. फळं उडताहेत, प्रत्येकातून सहासहा बिया. पुढच्या पावसात कोण किती उगवतं ते डहाळी उलटी करून मोजेन आणि इथेच लिहीन.

रानवाट

मी माझे जुने नमुने आजपासून भिजवायला घेतलेत. पहिले चार झाले: पाच, पाच, सहा, पाच.